पाडव्याच्या आत हॉलचा रंग बदलायचाय. मोका, पांढरा का आणखी काही? (सोलापूर)

चैत्रपालवी | १५ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, हॉल १० बाय १५. बाल्कनी पश्चिमेला, आणि तिच्या समोरची टीव्हीची भिंत पोपटी, बाकी तीन भिंती मोतिया. २०१७ ला राहायला आलो तेव्हा मी स्वतः हौसेनं पोपटी निवडला होता, पण आता तो बघवत नाही, कोपऱ्यात काळपट झालाय आणि सोफ्याच्या मागं डोक्याचे तेलकट डाग पडलेत.

यंदा पाडवा १९ मार्चला आहे, त्याच्या आत काहीतरी करायचंच असं ठरवलंय, कारण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका येणार. महिनाभर फोनवर पॅलेट बघतेय. पँटोन म्हणून एक अमेरिकन कंपनी दर वर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करते, तिचा २०२५ चा रंग मोका मूस होता, तो मला मनापासून आवडला, दुधात कोको घातल्यासारखा. आणि २०२६ चा क्लाउड डान्सर म्हणून जाहीर झालाय, तो तर चक्क पांढरा. बाहेरच्या रंग कंपन्यांचे पण वेगवेगळे आहेत, शेर्विन विल्यम्सचा यंदाचा युनिव्हर्सल खाकी, ड्युलक्सनं निळ्याच्या तीन छटा घेतल्यात. सगळं बघून डोकं भणभणायला लागलंय.

सासूबाई म्हणायल्यात की पांढरं करशील तर दवाखान्यात बसल्यासारखं वाटेल. नवरा म्हणतो तुम्ही दोघी ठरवा, मी पेंटर बघतो. सगळं घर रंगवायचं बजेट नाही, फक्त हॉल. आणि हॉल पण पूर्ण करायचा का एकच भिंत करून बाकी पडदे, कुशन बदलायचे, हेही ठरत नाहीये. कुणी अलीकडे केलंय का? सोलापुरातल्या लोकांनी तर नक्की सांगा, कारण मुंबईच्या फोटोतलं आपल्या उन्हात कसं दिसेल याची मला शंका आहे.

पुण्यातला_सोलापूरकर | १५ फेब्रुवारी, रात्री ११:२२

ताई, मोका मी मागच्या वर्षी पुण्याच्या फ्लॅटमध्ये केला, दोन भिंती. दिवसा छान. रात्री ट्यूब लावली की राख फासल्यासारखा दिसायचा, बायको आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. शेवटी रंग तसाच ठेवला आणि दिवे बदलले, ६५०० केल्विनचे पांढरे काढून ३००० चे पिवळसर लावले, मग कुठं तो फोटोतल्यासारखा दिसायला लागला. रंगाआधी दिवे कोणते आहेत ते बघा एवढंच सांगतो. खोक्यावर केल्विन लिहिलेलं असतं.

काळीमाती | १६ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

पश्चिमेची बाल्कनी आणि पांढऱ्या भिंती हे गणित सोलापुरात अवघड आहे हो. आमचं होटगी रोडला आहे, तसंच तोंड. मार्चपासून चार वाजले की ऊन आडवं आत येतं आणि समोरच्या भिंतीवर आदळतं, आम्ही पांढरा केला होता तर डोळे दिपायचे, टीव्ही दिसायचा नाही. आणि धूळ. काळ्या मातीची धूळ वाऱ्यानं आली की खिडकीच्या खालच्या पट्टीवर दोन दिवसांत बोट फिरवलं तर रेघ उमटते. पांढरा करायचाच असेल तर निदान पुसता येणारा घ्या, मॅट घेऊ नका. मॅटवर ओलं फडकं मारलं की तिथं चकाकी येते आणि डाग गेला तरी पुसलेली जागा दिसत राहते.

विणकर_७२ | १६ फेब्रुवारी, दुपारी १:५०

ताई, मी पूर्व भागात राहतो, ३४ वर्षं सुताच्या रंगाईखान्यात काढली, शेवटची १५ मास्टर म्हणून. भिंतीचा रंग हा माझा विषय नाही पण तुम्ही पँटोनचं नाव काढलं म्हणून लिहायला बसलो, थोडं लांबेल.

तुम्हाला वाटतंय हा रंग मोबाईलमधून सोलापुरात आलाय. तसं नाही. पँटोन दर वर्षी एक रंग जाहीर करतं, पहिला त्यांनी १९९९ मध्ये सांगितला, २००० सालासाठी, सेरुलियन म्हणजे आकाशी. पण त्यांच्या प्रत्येक रंगाला नंबर असतो आणि त्या नंबरांवर आमची रोजची रोजी होती. परदेशातला गिऱ्हाईक टेरी टॉवेलची ऑर्डर देतो तेव्हा तो "हलका तपकिरी द्या" असं कधी म्हणत नाही, नंबर देतो. तुमच्या मोकाचा नंबर १७-१२३०. पुढं टीसीएक्स लिहिलं असलं की तो सुती कापडावरचा रंग. पहिले दोन आकडे उजळपणाचे, ११ म्हणजे अगदी फिका आणि १९ म्हणजे गडद. मधले दोन रंग कुठला ते सांगतात, शेवटचे दोन तो किती भडक ते. २०२४ चा पीच फझ होता १३-१०२३, आता हे दोन शेजारी ठेवून बघा, १२ आणि १०, म्हणजे दोन्ही एकाच नारिंगी घराण्यातले, फक्त मोका चार पायऱ्या खाली उतरलाय. म्हणून हे दोघं एका खोलीत भांडत नाहीत. आणि क्लाउड डान्सर ११-४२०१, शेवटी ०१, म्हणजे त्याच्यात स्वतःचा रंग जवळजवळ नाहीच. असला पांढरा शेजारी जे असेल त्याचा रंग उचलतो. तुमच्या हॉलमध्ये पोपटी भिंत तशीच ठेवून बाकी तीन पांढऱ्या केल्या तर त्या हिरवट दिसणार, हे मी न बघता सांगतो.

आता मुद्द्याचं. नंबर आला की आम्ही लगेच शेकडो किलो सूत रंगवत नव्हतो. आधी थोडंसं सूत प्रयोगशाळेत रंगवायचं, त्याला लॅब डिप म्हणतात, ते गिऱ्हाईकाला पाठवायचं, तो हो म्हणाला की मग मोठा लॉट. आणि ते डिप एका उजेडात बघून भागत नाही. डबा असतो, लाइट बॉक्स, त्यात डी ६५ म्हणजे दिवसाचा उजेड, टीएल ८४ म्हणजे तिकडच्या दुकानातला, आणि घरातला पिवळा बल्ब, तिन्हीत बघायचं. दिवसा जुळी भावंडं वाटणारी दोन सुतं ट्यूबखाली एक हिरवट एक लालसर दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात, यापायी परत आलेला माल मी बघितलाय. डबा नव्हता तेव्हा आमचे उस्ताद उत्तरेच्या खिडकीत नेऊन बघायचे, कारण उत्तरेला ऊन थेट येत नाही आणि उजेड दिवसभर बराचसा सारखा राहतो. (आपल्याकडं मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो, तेवढे दिवस तीही खिडकी भरवशाची नाही.)

म्हणून माझं ऐका, भिंतीच्या आधी कापड. जो रंग मनात आहे त्याचा टॉवेल, चादर, पडद्याचा तुकडा, काहीही आणा, त्या भिंतीवर टाचण्यांनी लावा आणि तीन दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र बघा. कापड नाही आवडलं तर अंग पुसायला होतं. भिंत नाही आवडली तर परत पैसे.

चैत्रपालवी | १६ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

काका, मी दोनदा वाचलं, नंतर नवऱ्याला पण वाचून दाखवलं. आपल्या सोलापूरच्या टॉवेलवर हे नंबर असतात हे मला खरंच माहीत नव्हतं, माझं अख्खं आयुष्य इथं गेलंय. मोकाच्या जवळचा टॉवेल कुठं मिळेल?

विणकर_७२ | १६ फेब्रुवारी, दुपारी ४:०२

एमआयडीसीत अक्कलकोट रोडला कारखान्यांचे काउंटर आहेत, तिथं ऑर्डरमधून उरलेला माल वजनावर मिळतो. सेकंड म्हणून मागा. विणीत एखादा धागा चुकलेला असतो, रंगाला काही झालेलं नसतं. तपकिरी, खाकी, पांढऱ्याच्या चारपाच छटा सहज मिळतील. नंबर विचारला तर सांगतीलच असं नाही, पण डोळ्यानं निवडा.

पेंटरचा_मुलगा | १६ फेब्रुवारी, रात्री ९:३०

वडील ४० वर्षं पेंटर होते, आता मी करतो. काकांचं कापडाचं पटलं पण शेवटी रंगाचा सॅम्पल बघावाच लागतो, कारण कापड उजेड पितं आणि सॅटिनची, म्हणजे हलक्या चकाकीच्या रंगाची, भिंत उजेड परत फेकते, एकच रंग दोन्हीवर वेगळा दिसणार. पण सॅम्पल थेट भिंतीवर मारू नका, जुन्या पोपटीवर नवा ठिपका बघून काहीच कळत नाही, डोळा फसतो. दोन फूट बाय दोन फूट पांढरा जाड पुठ्ठा घ्या, दोन हात मारा, वाळू द्या, भोवती बोटभर पांढरी कड ठेवा आणि मग तो पुठ्ठा खोलीभर फिरवा.

हिशोब सांगतो. १० बाय १५ चा हॉल, उंची १० धरली तर भिंती ५०० चौरस फूट. दारं, खिडक्या, बाल्कनीचं सरकतं दार मिळून साधारण १०० वजा करा, राहिले ४००. चांगलं इंटेरियर इमल्शन दोन हातांना लिटरला १२० चौरस फुटाच्या आसपास जातं. म्हणजे साडेतीन लिटरच्या आत, ४ लिटरचा एक डबा. छत १५० चौरस फूट, त्याला सव्वा लिटर. फक्त टीव्हीची भिंत करायची तर १०० चौरस फूट, १ लिटर पुरतं. दुकानात कोणी २० लिटरची बादली गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. पोपटीसारख्या रंगावर फिका चढवायचाय तर मधे प्रायमरचा एक हात हवाच, नाहीतर तिसरा हात मारावा लागतो.

डोक्याचे तेलकट डाग साबणाच्या पाण्यानं आधी धुवा, त्यावर थेट रंग मारला तर तो धरत नाही, वर्षभरात तिथूनच पोपडे सुटतात. आणि मशीनवर रंग बनवून घेताना कोड आणि तारीख झाकणावर लिहून ठेवा. दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ओतून ढवळा, दोन डब्यांत उन्नीस-बीस फरक असला तर तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

मार्च चांगला महिना आहे, हवा कोरडी, लवकर वाळतं. मे मध्ये नका करू. ४२ च्या पुढं पारा गेला की रोलर परत येईपर्यंत आधीचा पट्टा वाळलेला असतो आणि जोड उठून दिसतात.

शहाबादी_फरशी | १७ फेब्रुवारी, सकाळी १०:१२

मधेच घुसतेय, चालेल ना? आमचं घर मंगळवार पेठेत, आजेसासऱ्यांच्या वेळचं, दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद, खाली शहाबादी. मला पण या वर्षी माजघराला तो मोका करायचाय. मागच्या वेळी पेंटरनं सगळीकडं प्लास्टिक पेंट मारला आणि दोन पावसाळ्यांत जमिनीपासून तीन फुटांपर्यंत रंग फुगून पापुद्रे पडायला लागले, आतून पांढरी पावडर निघते. परत खरवडून चांगल्या कंपनीचा मारला तर टिकेल का?

पेंटरचा_मुलगा | १७ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

ताई, नाही टिकणार, कुठल्याही कंपनीचा मारा. तुमच्या भिंतीत खाली ओल रोखणारा थर नसतो, जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, बरोबर क्षार आणतं. जुन्या भिंतीला चुना असायचा, त्यातून ती ओल हवेत निघून जायची. प्लास्टिक पेंटनं तोंड बंद झालं, मग क्षार रंगाच्या मागं साठून त्याला ढकलतात. ती पांढरी पावडर म्हणजे तेच. तुम्हाला चुनाच योग्य.

शहाबादी_फरशी | १७ फेब्रुवारी, दुपारी १:०५

पण चुना म्हणजे पांढराच ना? किंवा तो निळसर. मला तपकिरी हवाय.

विणकर_७२ | १७ फेब्रुवारी, दुपारी २:३०

चुन्यात रंग बसतो की. लहानपणी आमच्या गल्लीत उगादीच्या आधी (तुमचा पाडवा, आमची उगादी, दिवस एकच) सगळ्या घरांना चुना व्हायचा. पांढऱ्यात चिमूटभर नीळ, म्हणजे पिवळेपणा झाकून जास्त पांढरा दिसावा. ओसरीला पिवडी, खालच्या पट्ट्याला गेरू. पिवडी आणि गेरू ही माती आहे, लोखंडाचा गंज असतो तिच्यात, म्हणून चुन्याच्या तिखटपणानं ती मरत नाही. बाकी बरेच रंग चुन्यात उडून जातात. गेरू थोडा, पिवडी त्याच्याहून जास्त आणि अगदी चिमूटभर काजळी घातली तर तुमच्या मोकाच्या जवळ याल. अगदी तोच नंबर येणार नाही, पण त्याच घराण्यातला येईल.

कृती आमच्या आईची: कळीचा चुना लोखंडी किंवा मातीच्या भांड्यात भिजत घालायचा. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर उसळून अंगावर येतो. तो उकळतो, खरंच उकळतो, पोरांना लांब ठेवा, डोळ्याला चष्मा, हातात मोजे. प्लास्टिकच्या बादलीत करू नका. रात्रभर, जमलं तर आठवडाभर मुरू द्यायचा, मग जुन्या धोतराच्या कापडातून गाळायचा, दुधाएवढा पातळ करायचा आणि थोडं डिंकाचं पाणी घालायचं म्हणजे हाताला लागत नाही. भिंत आधी पाण्यानं ओली करायची. पातळ तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर दुसरा. ओला असताना तो खूप गडद दिसतो, घाबरू नका, वाळला की निम्म्यानं फिका होतो. म्हणून पुठ्ठ्यावर नाही, भिंतीच्याच एका कोपऱ्यात हातभर करून दोन दिवस थांबा. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा परत दगड होतो, त्यामुळं तो दिवसेंदिवस घट्ट होत जातो.

आणि हे सगळं प्लास्टिक पेंट पूर्ण खरवडून काढल्याशिवाय करू नका, चुना त्याच्यावर धरत नाही.

शहाबादी_फरशी | १७ फेब्रुवारी, दुपारी २:५५

काका, मी हे लिहून घेतलं. सासरे ऐकून म्हणाले गेरूचा पट्टा आमच्या पण माजघराला होता, कमरेएवढा. खरवडताना एका कोपऱ्यात खाली तो निघाला तर फोटो टाकते.

ज्वारीचं_कणीस | १८ फेब्रुवारी, रात्री ८:४५

मी मोहोळ तालुक्यातला. धागा पहिल्यापासून वाचतोय, एक मनापासून सांगावंसं वाटतंय. हे जे खाकी, मोका, ऑफव्हाइट चाललंय ना, हे फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या रानात उभं असतं. मालदांडी ज्वारी काढली की कडब्याच्या पेंढ्या रचतात, पहिल्या आठवड्यात त्यांचा रंग हिरवट पिवळा, मग उन्हानं वाळत वाळत तो खाकी होतो, त्याच्याशेजारी नांगरलेली काळी जमीन. नान्नजला माळढोकच्या अभयारण्यात मार्चमध्ये जाऊन बघा, अख्खा माळ त्या एका रंगाचा, आणि त्याच्यात मधेच पळस पेटलेला. कडुलिंबाची पालवी तर बघाच, सगळे तिला हिरवी समजतात पण पहिले काही दिवस ती तांबूस असते, पिंपळाची पण तशीच. आपला वसंत असा आहे, जमीन कोरडी आणि झाडाच्या शेंड्याला रंग. तिकडच्या पॅलेटमध्ये वसंत म्हटलं की फिका गुलाबी, फिका जांभळा, पुदिना हिरवा दाखवतात कारण त्यांच्याकडं बर्फ वितळून तसली फुलं येतात. ते रंग आपल्या मार्चच्या उन्हात धुतल्यासारखे फिके पडतात, मी दुकान लावताना करून बघितलंय, पुदिना हिरवा केला होता, दुपारी पांढराच वाटायचा.

ताई, तुम्ही भिंती कडब्याच्या करा आणि पळसाएवढा थोडाच रंग ठेवा. एवढंच.

काळीमाती | १८ फेब्रुवारी, रात्री ९:२०

हे आवडलं. ते इंटेरियरवाले ६०-३०-१० म्हणतात ना, साठ टक्के भिंती, तीस सोफा-पडदे, दहा उशा वगैरे, ते हेच झालं, माळ, काळी जमीन आणि पळस.

पुण्यातला_सोलापूरकर | १८ फेब्रुवारी, रात्री ९:४१

मला मात्र फिका जांभळा आवडतो हो, मुलीच्या खोलीला केलाय, उत्तरेची खिडकी आहे, सुंदर दिसतो. ऊन थेट येत नसेल तर फिके रंग टिकतात. सरसकट नको म्हणायला.

ज्वारीचं_कणीस | १८ फेब्रुवारी, रात्री ९:५०

बरोबर आहे दादा, माझं दुकान दक्षिणेला आहे. उत्तरेच्या खोलीचा अनुभव मला नाही.

चैत्रपालवी | २४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

रविवारी अक्कलकोट रोडला जाऊन आले. चार टॉवेल आणले, एक मोकासारखा, एक खाकी, एक शुभ्र पांढरा आणि एक सायीसारखा. चारही टीव्हीच्या भिंतीवर ओळीनं टाचले आणि तीन दिवस वहीत लिहिलं, जसंच्या तसं देते.

मोका: सकाळी ८ ला मातकट, थोडा उदास. दुपारी बरा. संध्याकाळी ५ ला ऊन पडलं की तांब्याच्या घागरीसारखा, इतका सुंदर की मी स्वयंपाकघरातून बघायला येत होते. रात्री ट्यूबखाली पुण्याचे दादा म्हणाले तसाच राखाडी.
शुभ्र पांढरा: सकाळी हिरवट, पोपटीमुळं असणार, काका तुमचं बोलणं आठवलं. ५ ला बघवत नाही.
सायीचा: चारही वेळा जवळजवळ सारखा.
खाकी: सकाळी जरा फिका, ५ ला सोनेरी, रात्री शांत. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप छान.

पण यातून जे दुसरंच कळलं ते सांगायलाच हवं. सासूबाई रोज संध्याकाळी बाल्कनीकडं तोंड करून बसतात. डिसेंबरमध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं एप्रिलमध्ये करायचंय. मी टॉवेल लावले तर त्या जवळ आल्या, एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला आणि म्हणाल्या, "अगं, हा पांढरा या डोळ्यानं निळसर दिसतो आणि त्या डोळ्यानं तुपासारखा." मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, असंच होतं, मोतीबिंदूची जुनी भिंग पिवळट झालेली असते, ती निळा उजेड अडवते, नवीन भिंग बसली की पांढरा एकदम स्वच्छ निळसर दिसतो आणि सुरुवातीला उजेड डोळ्यांना जास्तच खुपतो. म्हणजे दवाखान्यासारखं वाटेल असं त्या म्हणत होत्या ते त्यांना खरोखर तसं दिसत होतं, आणि मी पंधरा दिवस समजत होते की त्यांना नवीन काही नको असतं. त्या रात्री मला खूप वाईट वाटलं.

मग त्यांनाच विचारलं की तुम्हाला दोन्ही डोळ्यांनी बरा कुठला दिसतो. त्यांनी सायीचा आणि खाकी यांच्यावर हात ठेवला.

विणकर_७२ | २५ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

ताई, आमचे उस्ताद साठीनंतर शेड पास करायचं स्वतःहून बंद करून तरुण पोरांना बघायला सांगायचे, म्हणायचे माझी भिंग पिवळी झाली, आता निळ्यात चूक होईल. तुमच्या सासूबाईंनी एक एक डोळा झाकून बघितलं, ही नजर रंगाईखान्यातली आहे. माझा नमस्कार सांगा त्यांना.

पेंटरचा_मुलगा | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

वयस्कर माणूस घरात असेल तर अजून एक करा. सोफा आणि फरशी एकाच रंगाची ठेवू नका. फरशी तपकिरी आणि सोफ्याला मोका कव्हर घातलं तर बसताना सोफ्याची कड दिसत नाही. स्विचबोर्डची पट्टी आणि दाराची चौकट भिंतीपेक्षा थोडी गडद ठेवा. आमच्या आजीसाठी आम्ही हे केलंय.

चैत्रपालवी | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:३५

अय्या, मी तेच मोका कव्हर कार्टमध्ये टाकून ठेवलं होतं. आणि फरशी तपकिरीच आहे. काढते.

शहाबादी_फरशी | ८ मार्च, संध्याकाळी ६:२०

गेरूचा पट्टा निघाला! माजघराच्या देवळीखाली, प्लास्टिक पेंट, मग ऑइल पेंट, मग दोन थर निळसर चुना आणि सगळ्यात आत गेरू. सासरे बराच वेळ हात फिरवत उभे होते. तेवढा हातभर तुकडा तसाच ठेवायचा ठरलंय, बाकी भिंतीला काकांच्या कृतीनं पिवडी-गेरू. पहिला कोपरा करून बघितला, ओला होता तेव्हा चॉकलेट, आज वाळल्यावर चहात दूध जास्त झाल्यासारखा. अजून जरा गेरू वाढवते.

चैत्रपालवी | २० मार्च, दुपारी १२:३०

काल पाडवा झाला, आज निवांत लिहितेय. हॉल १२ तारखेलाच पूर्ण झाला. तीन भिंती आणि छत सायीचा, टीव्हीची भिंत खाकी, म्हणजे आता घरात सगळे तिला कडब्याची भिंतच म्हणतात. सॅटिन घेतलं नाही, मॅट पण नाही, मधलं पुसता येणारं घेतलं. रंग बरोबर ४ लिटर सायीचा आणि १ लिटर खाकी, हिशोब जुळला, छतापुरता पण सायीच्या त्याच डब्यात भागला कारण खाकीची भिंत त्यातून वजा झाली होती. ट्यूब काढून ३००० चे दोन दिवे लावले, आणि सासूबाईंच्या खुर्चीजवळ एक ४००० चा वेगळा, त्यांना पोथी वाचायला पिवळा पुरत नाही.

मोका सोडला नाही मी, तो कापडात आणला. तेच सेकंडचे टॉवेल अजून चार आणून कुशनची कव्हरं शिवली, संध्याकाळी पाचला ऊन आलं की ती तांब्यासारखी पेटतात आणि सकाळी मातकट वाटली तर उलटी करते, मागं सायीचं लावलंय.

आता खरं सांगायचंय ते वेगळंच. पळसाएवढा रंग काय ठेवायचा ते ठरत नव्हतं. सासूबाईंनी ट्रंक उघडायला लावली आणि खालून एक चादर काढली, गर्द निळी, पांढऱ्या मोराची, त्यांच्या लग्नातली, त्यांच्या वडिलांनी भुईकोट किल्ल्याजवळच्या एका दुकानातून घेतलेली. घडीवर थोडी विरलीय पण निळा अजून जसाच्या तसा. ती सोफ्याच्या पाठीवर टाकली आणि सगळा हॉल एकदम जागेवर बसला, दुसरा शब्द नाही माझ्याकडं. सायीच्या भिंतीपुढं तो निळा इतका खोल दिसतो की हळदीकुंकवाच्या आधीच शेजारच्या दोघी विचारून गेल्या कुठून आणली. कडही छान दिसते सोफ्याची, तपकिरी फरशीवर. सासूबाई रोज एकदा उजव्या डोळ्यानं बघतात आणि म्हणतात, लग्नात हा असाच दिसत होता.

ऊन थेट पडणार नाही अशा बाजूला टाकलीय, पण तरी भीती वाटते. विणकर काका, एक विचारायचंय, अशा जुन्या निळ्यासारखा निळा आज कुणी सुतावर चढवून देईल का? मला त्याच रंगाची नवीन एक करून घ्यायचीय, म्हणजे ही परत जपून ठेवता येईल. पँटोनचा २०२० चा क्लासिक ब्लू बघितला फोनवर, जवळचा वाटतो पण तोच नाही.

विणकर_७२ | २० मार्च, दुपारी ३:१०

क्लासिक ब्लू १९-४०५२. फोनवर बघून ठरवू नका, फोनचा निळा कधीच खरा नसतो. तुम्ही सांगताय त्या वयाची चादर आणि रंग अजून जसाच्या तसा, म्हणजे वॅट रंग असणार. तो सुतात जाताना पाण्यात विरलेला असतो आणि बाहेर हवा लागली की धाग्याच्या आतच घट्ट बसतो, म्हणून धुऊन जात नाही. जुळवता येईल. माझा एक शिष्य अजून लॅबमध्ये आहे, तो डिप काढून देईल.

चादर घेऊन या, मोराच्या बाजूची नको, आतली घडी, जिथं ऊन लागलेलं नाही. सकाळी अकराच्या आत या, आमच्याकडं उत्तरेची खिडकी आहे. आणि जमलं तर सासूबाईंना बरोबर आणा, डिप पास त्या करतील.